नस तुटली की हात का वाळतो?

विळा, पत्रा किंवा काच लागून मनगट कापले की रक्त थांबविणे आणि टाके घालणे एवढ्यावर आपण समाधान मानतो. जखम भरते, पण बोटे बधिर राहतात आणि पंजाचे मांस खंगत जाते. ‘काम नाही म्हणून हात वाळला’ असे घरात म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे वाचकांपुढे ठेवावे असे आम्हास वाटते.

नस म्हणजे येथे रक्तवाहिनी नव्हे, तर मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेणारा मज्जातंतू. स्नायूला मार लागला, की रोगप्रतिकारक फौजेतील भक्षक पेशी तेथे धावून येतात आणि मेलेले धागे खाऊन टाकतात. धाग्यांच्या मधल्या आधारपेशी दुरुस्तीपुरत्या वाढतात. काम संपले की जादा झालेल्या आधारपेशींचा निकालही भक्षक पेशीच लावतात.

मज्जातंतू तुटला की हा क्रम बिघडतो. २०१८ साली ‘नेचर सेल बायॉलॉजी’ या नियतकालिकात उंदरांवरील संशोधन प्रसिद्ध झाले. मज्जातंतू तुटलेल्या स्नायूत आधारपेशी वाढतच गेल्या. भक्षक पेशींची फौज मात्र आलीच नाही. वाढलेल्या पेशी ‘इंटरल्यूकिन-६’ हे द्रव्य सोडत राहिल्या. रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी हेच द्रव्य वापरतात. ते सतत झिरपल्याने स्नायू खंगला व त्यात चिवट तंतू साठले. हा निरोप अडविल्यावर खंगणे कमी झाले. पण हे उंदरांत घडले. माणसासाठी औषध सापडले असे कोणी समजू नये.

मग आपल्या हाती काय आहे? वेळ! जोडलेला मज्जातंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो. कोपराजवळ तुटला तर तळहातापर्यंत पोचायला दहा-अकरा महिने लागतात. तोवर स्नायू तंतूंनी भरला, तर मज्जातंतू पोचूनही बळ पुरते परत येत नाही. म्हणून हात कापल्यास टाके घालण्यापूर्वीच प्रत्येक बोट हलते का, टोकाला स्पर्श कळतो का, हे डॉक्टरांना तपासायला सांगावे. कुष्ठरोगातही मज्जातंतू जातात. बधिर चट्टा किंवा करंगळीचा अशक्तपणा दिसताच सरकारी दवाखाना गाठावा; तेथे औषध मोफत मिळते. चट्टा लपविण्यात लाज राखली जात नाही, हात मात्र जातो.

कष्टकऱ्याचा हात हीच त्याची शेती आणि तेच त्याचे भांडवल. त्याची जखम केवळ कातडीपुरती पाहून चालणार नाही.