चरख्याच्या अटी आणि भाचीचा लॅपटॉप

१९२९ साली अखिल भारत चरखा संघाने उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. अटी मात्र भारी! यंत्र हलके असावे, किंमत १५० रुपयांवर जाऊ नये, बाईमाणसाला त्यावर ८ तास फार न थकता काम करता यावे, नीट निगा राखल्यास ते २० वर्षे चालावे आणि झिजलेल्या भागांपायी वर्षाला किमतीच्या शेकडा ५ पेक्षा अधिक खर्च येऊ नये. सुताचे मापही ठरवून दिले होते. बक्षीस अखेर कुणालाच मिळाले नाही. आमच्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरखे पाहताना मला त्या अटी हटकून आठवतात.

यंदा भाचीला संशोधनासाठी लॅपटॉप घ्यायचा होता. पावसाच्या नोंदींवरून कपाशीचा हिशेब मांडायचा, हा तिचा विषय. एकेक आकडेमोड रात्रभर चालते. पैसे विद्यावेतनातून साठवलेले. चुकले तर दुसरा घेण्याची सोय नाही. “मामा, तुम्ही चला बरोबर,” म्हणाली. मी म्हटले, चला, चरख्याच्या अटी लावून पाहू!

दुकानदाराने एक झगमगीत यंत्र पुढे केले. वेग अफाट! पण वाचकहो, वेगाचा आकडा पहिल्या पाच मिनिटांचा असतो. यंत्र तापले की आपण होऊन मंदावते. बहुतेक लॅपटॉपांच्या माहितीपत्रकांत भोवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश लिहिलेली असते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. कूलरची ओली हवा यंत्राला मानवेल म्हणता? भाचीने सरळ विचारले, “अर्धा तास पूर्ण भार टाकून चालवता का?” दुकानदार जरा चपापला, पण चालवले बिचाऱ्याने. ते झगमगीत यंत्र अर्ध्या तासात पार ढेपाळले.

मग आली शेकडा ५ ची अट. पुष्कळ पातळ यंत्रांत रॅम पक्की जोडलेली असते. पुढे वाढवता येत नाही, बिघडली तर सारी पाटीच बदलावी लागते. कचेऱ्यांसाठी केलेली थिंकपॅड, लॅटिट्यूड यांसारखी यंत्रे दिसायला रुक्ष, पण त्यांची दुरुस्तीपुस्तिका कंपनीच प्रसिद्ध करते. अर्थात त्यांतही काहींची रॅम जोडलेलीच निघते, तेव्हा नेमका नमुना पाहूनच घ्यावा. तंत्रज्ञ वर्ध्यात घरी येतो की यंत्र नागपूरला न्यावे लागते, हे पावती करण्याआधी विचारावे.

स्मृतीतला एखादा अंक आपोआप उलटला तर तो पकडणारी निराळी रॅम असते. लॅपटॉपांत ती क्वचितच मिळते, आणि महागही पडते. भाचीने तिचा नाद सोडला. महत्त्वाचे गणित ती दोनदा करते.

शेवटी तिने मध्यम वेगाचे, उघडता येण्याजोगे, काळेसावळे यंत्र घेतले. उरलेल्या पैशांत दोन बाहेरच्या डिस्क आल्या. एक तिच्याजवळ असते, दुसरी आमच्या कपाटात, लुगड्यांच्या घडीत.