कुत्र्यासकट भाड्याने घर मिळेल का?

आमच्या मालकांनी घर विकायला काढलं, म्हणून गेले पंधरा दिवस साताऱ्यात भाड्याचं घर शोधतोय. शाहूपुरी, गोडोली, करंजे, सगळं पालथं घातलं. अकरा घरं बघितली. "पत्रकार" म्हटल्यावर दोघांचे चेहरे पडले, ते मी समजू शकतो. बाकीच्यांकडे चहा झाला, भाडं ठरत आलं, मग मी म्हणालो, "आमच्याकडे एक कुत्रा आहे." तिथंच विषय बंद. एजंट बाजूला घेऊन म्हणतो, "दादा, आधी सामान टाका, कुत्रं मागनं आणा."

आमचा वाघ्या गावठी, सात वर्षांचा. रेबीजची लस दरवर्षी, कागद फाईलला. एका काकांच्या बैठकीत दत्ताची मोठी तसबीर होती, पायाशी चार कुत्री. तिच्याखाली बसूनच काका म्हणाले, "कुत्रं तेवढं नको." मी गप्प बसलो. घर चांगलं होतं हो.

केंद्राच्या पशू कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचना सांगतात की सोसायटीने बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. पण हे सोसायटीपुरतं. घरमालकाने अकरा महिन्यांच्या करारात "प्राणी चालणार नाहीत" अशी एक ओळ टाकली की भाडेकरू काय करणार? म्हणजे फ्लॅट विकत घ्यायची ऐपत असेल तरच कुत्रा पाळा.

मालकांचंही सगळंच चुकत नाही. एकांनी मला आधीच्या भाडेकरूच्या कुत्र्याने ओरबाडलेला सागवानी दरवाजा दाखवला. खर्च त्यांच्याच अंगावर पडला. रात्रीचं भुंकणं, शेजाऱ्यांची कटकट, हेही खरंच. मग ते करारात लिहा ना! जादा डिपॉझिट घ्या, लसीचा दाखला मागा, जिन्यात बांधायचं नाही, नुकसान झालं तर डिपॉझिटमधून कापू. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवावाच लागतो, त्यात चार ओळी वाढल्या तर काय बिघडलं?

नुसतं "नको" म्हटल्याने काय होतं ते आमच्या गल्लीत बघितलंय. गेल्या वर्षी एक कुटुंब घर बदलून गेलं, लॅब्रॅडॉर मागेच राहिला. गळ्यात पट्टा, आणि आठवडाभर बंद दारासमोर बसून. उपाशी मरेल अशा स्थितीत प्राणी सोडून देणं १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड माहितीय? फार तर ५० रुपये. असली कुत्री रस्त्यावर आली की आपण नगरपालिकेच्या नावाने ओरडतो. मीही तशा बातम्या केल्यात.

आम्हाला ३० तारखेपर्यंत घर सोडायचंय. दोन खोल्या चालतील, तळमजला असेल तर उत्तम. एक महिन्याचं जादा डिपॉझिट द्यायला तयार आहे, वर सांगितलेल्या सगळ्या अटींवर सही करतो. कोणाच्या माहितीत असेल तर इनबॉक्स करा. घर बघायला येताना वाघ्यालाही आणतो, तुम्हीच बघा.