फ्लॉपीच्या खणात कार्ड
लग्नसराईत भालकी तालुक्यातल्या खटकचिंचोळीसारख्या गावात फोटोवाल्याच्या टेबलावर कॅमेऱ्यांच्या मेमरी कार्डांचा ढीग साचतो, आणि वायरीला लोंबणारा कार्ड रीडर नेमका त्याच दिवशी सापडत नाही. माझं म्हणणं, तो संगणकाच्या कॅबिनेटमध्येच बसवून टाका. जुन्या डब्याला फ्लॉपीचा साडेतीन इंची खण असतो, तो नाहीतरी धूळच खातोय. घेताना मात्र खोक्यावरच्या कार्डांच्या लांबलचक यादीला भुलू नका. त्यातली स्मार्टमीडिया, एक्सडी ही मंडळी आपापल्या कॅमेऱ्यांबरोबरच वारली. विचारायचं एकच: एसडीएक्ससी, म्हणजे ३२ जीबीच्या पुढचं कार्ड, चालतं का? एसडीएचसीची मजल ३२ जीबीपर्यंतच, त्यामुळे जुना रीडर ६४ जीबीचं कार्ड बहुधा ओळखतच नाही. मग रीडरची वायर जिथे जोडायची तो मदरबोर्ड पाहा. ९ पिनांची जागा यूएसबी २.० ची: कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, हातात तीस-पस्तीस मेगाबाइट. म्हणजे भरलेलं ३२ जीबीचं कार्ड रिकामं करायला पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात नवरदेवाचा मामा दोनदा फोन करतो. १९ पिनांची जागा ३.० ची, ती असेल तर तिचाच रीडर घ्या. जोडताना आधी वीज काढा, गाळलेली पिन आणि बुजवलेलं भोक समोरासमोर आणा. जोर लावलात तर पिन वाकते, आणि ऐन सराईत डबा काखोटीला मारून भालकीची बस धरावी लागते.