जुना फोन विकताय? हातातून सोडण्याआधी पावती करा

दसरा-दिवाळीला घरात नवा फोन आला की जुना ऑनलाइन विकायला निघतो. आठ-पंधरा दिवसांत भांडणं सुरू होतात : "बिघडलेला फोन दिलात, परत घ्या" आणि "मी चांगलाच दिला होता, तुम्हीच उघडलात." पुण्याच्या तापकीर गल्लीत मी फोन दुरुस्त करतो, त्यामुळे ही भांडणं माझ्या काउंटरपर्यंत येतात. फोन उघडून बिघाड काय आहे ते मी सांगू शकतो. तो विक्रीच्या दिवशी होता की नाही, ते सांगता येत नाही. त्या दिवशीची नोंद कुणीच ठेवलेली नसते. म्हणून विकणाऱ्या आणि घेणाऱ्या सगळ्यांनाच कळकळीची विनंती आहे : यंदा ही नोंद कराच.

विकणाऱ्यांनो, *#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन नंबर असतात. ते लिहून ठेवा. पण परत आलेल्या फोनचा नंबर जुळला म्हणजे सगळं जुळलं, असं धरून चालू नका. तो नंबर बोर्डाबरोबर राहतो. बोर्ड तोच ठेवून ओरिजिनल फोल्डर, म्हणजे काचेसकट डिस्प्ले, काढायचा आणि कॉपी बसवायची, हे सरावलेल्या कारागिराला अवघड नाही. असा फोन परत येतो तेव्हा नंबर तंतोतंत जुळतो, पण पांढरी स्क्रीन निळसर दिसते आणि कडेला टच लागत नाही. बॅटरी आणि कॅमेऱ्याचंही तसंच.

यासाठी एकसलग व्हिडिओ काढा, मध्ये कट नको. खोक्यावरचा नंबर, फोनमधला नंबर, पूर्ण पांढरी स्क्रीन, एखादा आयकॉन बोटाने चारही कोपऱ्यांपर्यंत ओढून, दोन्ही कॅमेरे, चार्जिंग, आणि दिसत असेल तर बॅटरीची टक्केवारी. अलीकडच्या आयफोनमध्ये डिस्प्ले किंवा बॅटरी बदललेली असेल तर सेटिंग्जमध्ये तशी नोंद दिसते, तीही दाखवा. लॅपटॉप असेल तर रॅम किती आणि एसएसडीचा सीरियल नंबर काय, याचा फोटो हवाच. मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत दबून जाते.

मग साध्या कागदावर पावती करा. मजकूर एवढाच पुरे : "हा वापरलेला फोन, आयएमईआय अमुक, आज अमुक रुपयांना विकला. मागच्या काचेला तडा आहे, बॅटरी ८१ टक्के दाखवते, डिस्प्ले एकदा बदललेला आहे. तक्रार असल्यास ४८ तासांत कळवावी." दोघांच्या सह्या, तारीख. दोष लपवू नका. बदललेला डिस्प्ले ओरिजिनल म्हणून विकला असेल तर घेणाऱ्याने पैसे परत मागणं रास्तच आहे. गूगल किंवा आयक्लाउडचं खातं काढायला विसरलात आणि फोन त्याच्याकडे जाऊन लॉक झाला, तर तेही तुम्हालाच निस्तरावं लागेल.

परतीची मागणी आली तर घाबरून लगेच पैसे पाठवू नका आणि फोन उचलणंही बंद करू नका. लेखी उत्तर द्या, बिघाडाचा व्हिडिओ मागा, दिवसाउजेडी दुकानात भेटा, वस्तू समोर पडताळा. पैसे परत द्यायचे ठरले तर ज्या खात्यातून आले त्याच खात्यात द्या. "माझ्या भावाच्या नंबरवर टाका" म्हटलं की थांबा. "चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा" असा मेसेज आला तर आधी बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.

घेणाऱ्यांनाही एक गोष्ट पोटतिडकीने सांगायची आहे. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे. पैसे घेऊन माणूस गायब झाला, खोक्यात साबण निघाला, तर एक मिनिटही न दवडता तिथे फोन करा. पण बॅटरी लवकर उतरते म्हणून रागाच्या भरात फसवणुकीची तक्रार केलीत, तर समोरच्याच्या खात्यातली रक्कम गोठू शकते. तो पगारदार माणूस असेल तर घरभाडं आणि हप्ते अडकतात, आणि ती रक्कम मोकळी व्हायला बँक आणि पोलीस ठाण्याचे हेलपाटे पडतात. असं कुणावर ओढवलंच, तर पावती, व्हिडिओ आणि सगळे मेसेज घेऊन बँकेत जावं, तक्रार कुठल्या पोलीस ठाण्याची आहे ते विचारावं आणि तिथे लेखी म्हणणं द्यावं. फोन दुकानातून किंवा कंपनीकडून घेतला असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

पैसे देण्याआधी केवायएम ही अक्षरं इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून, आयएमईआय टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा, किंवा संचार साथी या सरकारी पोर्टलवर तपासा. नंबर ब्लॅकलिस्टमध्ये दिसला तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. कुरिअरने आला तर खोकं कॅमेऱ्यासमोर उघडा, चिकटपट्टी कापण्यापासून.

आणि माझ्या दुकानदार भावांनो, वादातला फोन समोर आला तर कुणाची बाजू घेऊ नका. उघडल्यावर जे दिसलं ते बिलबुकात तारखेसह लिहा : फोल्डर कॉपी आहे, स्क्रू आधी फिरवलेले आहेत, आत पाणी गेलेलं आहे. त्यावर दुकानाचा शिक्का मारा आणि एक-एक प्रत दोघांच्या हातात द्या.