पाचट जाळणारा अडाणी नाही, त्याच्याकडं त्या आठवड्यात पैसा नसतो



परवा रात्री मळ्यातून भीमेपलीकडं पाहिलं तर दौंडच्या अंगाला दोन ठिकाणी जाळ. आमच्या शिरूरच्या बाजूलाही काही कमी नाही. टोळी फडातून निघाली की चार दिवसांत काडी.

मेळाव्यात साहेब लोक सांगतात, पाचट म्हणजे खताचा खजिना. मी वहीत मांडून बघितलं. एकरी चार टन पाचट धरलं, त्यात नत्र अर्धा टक्का, म्हणजे वीस किलो. झाली युरियाची एक गोणी, २६६ रुपये ५० पैसे. पालाश पाऊण टक्का धरला तर पोटॅशची एक गोणी निघते, पण पालाश राखेतही राहतो, वाऱ्यानं उडाली नाही तर. आणि कुट्टीला आमच्याकडं ट्रॅक्टरवाला एकरी अडीच हजार घेतो. नुसत्या गोणीच्या हिशोबानं जाळणाराच शहाणा ठरतो. युरिया इतका स्वस्त ठेवल्यावर दुसरं काय होणार?

पण गोणीच्या बाहेरचा हिशोब मोठा आहे. माझ्याकडं एकराच्या खुरपणीला दहा बाया लागतात, चारशे रुपयांनी चार हजार. त्यात बिबट्याच्या धाकानं बाया उशिरा येतात, चारला घरी निघतात, रोज मात्र तोच. पाचटाखाली तण दबतं. एक खुरपणी वाचली की कुट्टीचं भाडं निघून वर पैसे उरले. उन्हाळ्यात दहाव्या दिवशी लागणारी पाळी माझ्या खोडव्यात चौदाव्या दिवसावर गेली. लाइट रात्रीची असली की एक पाळी वाचणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

पहिल्या वर्षी मी चुकलो, तेही सांगतो. नुसतं पाचट पसरलं, वर काही टाकलं नाही. खोडवा पिवळा पडला, शेजारी हसला. पाचट कुजवणारे जिवाणू आधी जमिनीतलाच नत्र खातात. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कल्चर टाकायचं असतं. चार टनाला युरिया ३२ किलो, म्हणजे पाऊण गोणीच्या आसपास. तो वाया जात नाही, पण पैसा आधी घालावा लागतो.

खरी अडचण इथंच आहे. कायद्यानं उसाचं बिल १४ दिवसांत मिळायला पाहिजे. ते वेळेत आलं तरी खोडव्याची कामं त्याच्या आधीची. भाडं, खत, मजुरी सगळं रोख, आणि काडीपेटी खिशातच असते.

कारखाना चिपाड वाया घालवतो का? त्यावर बॉयलर चालतो, वीज विकली जाते. मळीचं इथेनॉल, प्रेसमडचं खत. आपल्याकडची गुऱ्हाळंसुद्धा चिपाडावरच काहील उकळतात. मग तोडणी-वाहतूक जशी हिशोबात धरतात, तसं कुट्टीचं भाडं बिलातून कापायला काय हरकत आहे? टोळी निघाली की दोन दिवसांत कारखान्याचा ट्रॅक्टर फडात यावा. शेतकऱ्याला खिशात हात घालावा लागला नाही तर निम्मे जाळ तरी थांबतील, असं माझं मत आहे. सभेत मी हे मांडणार आहे.

माझा दोन एकर लागणीचा ऊस पुढच्या आठवड्यात तुटतोय. कुट्टीवाल्याला सांगून ठेवलंय. मांडवगण, वडगाव रासाईकडचं कुणाचं रान मोकळं होत असेल तर कळवा, एकाच खेपेत बोलावू, भाड्यात थोडंफार कमी करून घेता येईल.