जुना ट्रॅक्टर आणि घरची दुरुस्ती

गेल्या रब्बीत ज्वारीच्या ऐन पेरणीत एका शेतकरी बंधूंचा वीस वर्षांचा ट्रॅक्टर शेतातच बंद पडला. टाकीतील डिझेल संपले होते. पण नवे भरूनही इंजिन सुरू होईना. तालुक्याहून मिस्त्री येण्यास तीन दिवस लागले. त्याने नळीत शिरलेली हवा काढली आणि दहा मिनिटांत ट्रॅक्टर चालू झाला. तोवर जमिनीतील ओल मात्र उडून गेली होती. पहिल्या दिवशी मी तेथे हजर होतो. कृषी पदवीधर असूनही मला ते काम येत नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे.

वस्तुतः हे काम अवघड नाही. डिझेल फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू थोडा सैल करावा व हातपंप मारीत राहावे. प्रथम फेसाळ डिझेल येते. बुडबुडे थांबून अखंड धार लागली की स्क्रू आवळावा. मुळात टाकी रिकामी होऊच देऊ नये. सायंकाळी काम आटोपताच ती भरून ठेवल्यास रिकाम्या जागेतील हवेच्या दमटपणामुळे रात्री आत पाणीही साचत नाही.

जुन्या इंजिनाचा खरा शत्रू धूळ होय. तेलाचा एअर क्लीनर असल्यास धुळीच्या दिवसांत त्याची वाटी रोज पाहावी. तेल गढूळ व घट्ट झाले असल्यास बदलावे. नवे तेल खुणेपर्यंतच भरावे, कारण जास्त झालेले तेल इंजिनात ओढले जाते. पंख्याच्या पट्ट्याचा ताण, बॅटरीच्या टोकांवरील पांढरा थर, ग्रीस, ही कामे तर घरातील शाळकरी मुलगाही देखरेखीखाली शिकतो.

तथापि ब्रेक, स्टिअरिंग, डिझेल पंप व नोझल यांना घरी हात लावू नये. नोझलमधून सुटणारा डिझेलचा फवारा कातडी भेदून आत शिरतो. रेडिएटर तापलेला असताना त्याचे झाकणही उघडू नये.

यामुळे मिस्त्रीचा धंदा बुडेल, असे काहीजण म्हणतात. मला तसे वाटत नाही. हंगामात त्याला मोठ्या कामांतूनच उसंत नसते.

आमच्या मेळाव्यांत बियाणे व खते यांवर भाषणे पुष्कळ होतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील मेळाव्यात एक भाषण कमी करावे, गावातीलच एखादा जुना ट्रॅक्टर मंडपापुढे उभा करावा आणि त्याचा फिल्टर शेतकऱ्यांच्याच हातून उघडवून घ्यावा. पाना आधी कार्यकर्त्याने स्वतः हाती धरावा. मीही आता धरू लागलो आहे.