यंत्र निकामी केव्हा होते?

शिवाजी उद्यमनगर हा कोल्हापुरातील लहानमोठ्या कारखान्यांचा भाग. तेथून जाताना लेथ आणि ड्रिल यंत्रांची घरघर सकाळपासून कानी पडते. त्यांतील काही यंत्रे ती चालविणाऱ्या कारागिरांहून वयाने वडील असतात. यंत्राचा एखादा भाग झिजला, तर तो नवा घडवावा, तेलपाणी करावे आणि काम पुढे चालू ठेवावे, अशी कारागिरांची रीत आहे. यंत्र जुने झाले एवढ्याच कारणाने ते भंगारात घालावे, असे त्यांच्या सहसा मनात येत नाही.

घरातल्या संगणकास मात्र आपण हा न्याय लावीत नाही. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि त्याच्या एमएस-सीआयटी ह्या अभ्यासक्रमामुळे गावोगावी संगणक शिकण्याची ओढ निर्माण झाली. त्या काळात अनेक घरांत मोठ्या हौसेने संगणक आला. त्यास हळदकुंकू वाहिले गेले, त्याच्यासाठी खास मेज घेतले गेले. आज त्यांतील कित्येक संगणक कोपऱ्यात कापडाखाली झाकून पडले आहेत. घरातील एक जण म्हणतो, “फार मंद झाला आहे, टाकून द्या.” दुसरा म्हणतो, “त्याच्यावर पूर्वीची कार्यप्रणाली पुन्हा चढवा, म्हणजे तो पहिल्यासारखा चालेल.” ह्या दोघांपैकी खरे कोणाचे? माझ्या मते दुसऱ्याचे. मात्र त्याच्या म्हणण्यास दोन अटी जोडल्या पाहिजेत. त्या अटी कोणत्या, हे समजण्यासाठी प्रथम संगणक मंद का होतो, ते पाहिले पाहिजे.

संगणकाची पेटी, पडदा आणि कळफलक हे झाले त्याचे शरीर. ह्या शरीराकडून काम करवून घेणारी जी आज्ञावली असते, तिला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज ही अशीच एक कार्यप्रणाली. तिची ‘एक्सपी’ ही आवृत्ती २००१ साली बाजारात आली. ती चालविण्यास किमान ६४ मेगाबाइट स्मृती, म्हणजे रॅम, पुरेशी होती. २००७ साली ‘व्हिस्टा’ आली. तिला ५१२ मेगाबाइट लागू लागली. २०२१ साली आलेल्या ‘विंडोज ११’ ह्या आवृत्तीस किमान ४ गिगाबाइट, म्हणजे ४०९६ मेगाबाइट स्मृती लागते. वीस वर्षांत ही गरज ६४ पट वाढली!

आता एखाद्या स्वयंपाकघराची कल्पना करा. ओटा ऐसपैस असला, म्हणजे लागणारे सारे डबे त्यावर मांडता येतात आणि स्वयंपाक झटपट होतो. ओटा लहान असला, तर मिठासाठी उठा, हळदीसाठी उठा, प्रत्येक वेळी फडताळाकडे जा आणि परत या, अशी धावपळ करावी लागते. रॅम हा संगणकाचा ओटा होय आणि हार्ड डिस्क हे त्याचे फडताळ. जुन्या संगणकावर नवी, अवजड कार्यप्रणाली घातली, की तो लहानसा ओटा तिनेच व्यापून जातो. मग साध्या कामासाठीही हार्ड डिस्ककडे खेपा घालाव्या लागतात. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या गरगर फिरत असतात आणि एक बारीकसा दांडा त्यांवरून पुढेमागे सरकत माहिती वाचतो. ते काम रॅमच्या मानाने फारच सावकाश चालते. म्हणून संगणक अडखळतो आणि आपण म्हणतो, “हा म्हातारा झाला!” वस्तुतः त्याची शक्ती पूर्वीइतकीच असते, आपण त्याच्या डोक्यावरचे ओझे वाढविलेले असते. ज्या कार्यप्रणालीसाठी तो घडविला गेला, तीच त्यास परत दिली, तर तो पुन्हा हलका होतो, ह्यात नवल ते काय?

परंतु संगणक जुन्या कार्यप्रणालीने पुन्हा चालता करण्याचे ह्याहूनही मोठे कारण आहे आणि ते आपल्या मायबोलीशी निगडित आहे.

आज आपण मराठीत टंकलेले पत्र कोणत्याही संगणकावर वाचता येते. जगातील बहुतेक लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास युनिकोड ह्या पद्धतीने एक ठराविक क्रमांक दिलेला आहे, म्हणून हे शक्य होते. ह्या पद्धतीच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. परंतु घरोघरच्या आणि छापखान्यांतील संगणकांत ती रुळण्यास बरीच वर्षे लागली. तोपर्यंत मराठी अक्षरांचे संच तयार करणारी प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरे बसवीत असे. एकीने ‘क’ एका जागी बसवावा, तर दुसरीने तो भलत्याच जागी. त्यामुळे एका संचात लिहिलेला मजकूर तो संच नसलेल्या संगणकावर उघडला, तर अर्थहीन इंग्रजी अक्षरांची गर्दी तेवढी दिसते.

त्या काळात आजोबांनी टंकून ठेवलेल्या आठवणी, आजीने सांगितलेल्या ओव्या, एखाद्या वाचनालयाचे अहवाल, एखाद्या दिवाळी अंकाची पाने असे कितीतरी लेखन अशा संचांत अडकून पडले आहे. ते वाचावयाचे, तर तो अक्षरसंच पाहिजे. तो संच चालावयाचा, तर पुष्कळदा त्या वेळचीच कार्यप्रणाली पाहिजे. म्हणजे कुलूप जुने आणि किल्लीही जुनीच! संगणक भंगारात गेला, तर किल्ली गेली, आणि किल्लीबरोबर पेटीतील ठेवाही गेला.

अशी हानी आपल्या समाजास अपरिचित नाही. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानाच्या काळातील मोडी कागदपत्रे जतन केलेली आहेत. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे. परंतु मोडी वाचणारे थोडे उरल्यामुळे ती कागदपत्रे बहुतेकांस मुकी झाली आहेत. मोडी लोकव्यवहारातून जाण्यास कित्येक वर्षे लागली. संगणकातील मराठी मात्र एका पिढीच्या आतच मुकी होऊ पाहत आहे. म्हणून जुना संगणक चालता करून त्यातील लेखन युनिकोडमध्ये उतरवून घेणे, हे मला केवळ काटकसरीचे काम वाटत नाही. ते वारसा राखण्याचे काम वाटते.

आता त्या दोन अटींकडे वळू. कार्यप्रणाली नव्याने बसविताना हार्ड डिस्क बहुधा पुसून कोरी केली जाते. म्हणून आतील लेखन, छायाचित्रे आणि अक्षरसंच ह्यांची प्रत दुसऱ्या ठिकाणी आधी काढून घ्यावी, ही पहिली अट. तीही एक नव्हे, दोन प्रती घ्याव्या आणि त्या नीट उघडतात ना, हे पाहून मगच पुढे जावे. जो हे विसरतो, तो ठेवा वाचविण्यास निघतो आणि स्वतःच्याच हाताने पुसून टाकतो. मूळ तबकडी आणि पेटीवर चिकटविलेला २५ अक्षरांचा परवान्याचा क्रमांक जवळ असावा. चोरीच्या प्रतीतून व्हायरस घरात येण्याचे भय असते. पडदा, ध्वनी इत्यादी भागांच्या ड्रायव्हर नावाच्या आज्ञावल्याही जपून ठेवाव्या. एक्सपीच्या इंग्रजी आवृत्तीत भारतीय लिप्यांची सोय मूळ तबकडीवरून वेगळी बसवावी लागते. तोपर्यंत देवनागरी नीट उमटत नाही. संगणक दर वेळी तारीख विसरत असेल, तर आतील रुपयाएवढा गोल सेल बदलावा. पंख्यावरील धूळ झाडावी. मात्र हे सारे वीज पूर्ण तोडून आणि घरातील जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे.

दुसरी अट अशी, की जुनी कार्यप्रणाली असलेला संगणक इंटरनेटशी जोडू नये. कार्यप्रणालीत मागाहून सापडणाऱ्या उणिवा तिची कंपनी काही वर्षे दुरुस्त करीत असते. एक्सपीची अशी देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. त्यानंतर अशी कार्यप्रणाली म्हणजे पहारेकरी नसलेला वाडा होय. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक आज्ञावलीने सुमारे १५० देशांतील संगणकांतील मजकूर कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधील रुग्णालयांची कामेदेखील तिने अडविली. ज्या उणिवेतून ती शिरली, त्या उणिवेची दुरुस्ती दोनच महिने आधी प्रसिद्ध झाली होती. ज्यांनी ती केली नव्हती किंवा ज्यांच्या जुन्या कार्यप्रणालीस ती मिळालीच नव्हती, ते उघडे पडले. तेव्हा जुन्या संगणकावर लिहावे, चित्रे काढावी, आज्ञावली लिहिण्यास शिकावे; पण पैशांचे व्यवहार आणि पत्रव्यवहार ह्यांसाठी तो वापरू नये. इंटरनेट हवेच असेल, तर त्या संगणकास पेलेल अशी, आजही देखभाल होत असलेली लिनक्सची एखादी हलकी कार्यप्रणाली निवडावी. लिनक्सच्या पायावर उभारलेली ‘बॉस’ ही कार्यप्रणाली आपल्या देशातील सी-डॅक ह्या संस्थेनेच २००७ साली प्रसिद्ध केली होती.

कोणी म्हणेल, “एवढा खटाटोप कशासाठी? नवा संगणक वेगवान असतो, वीजही कमी खातो.” ह्या म्हणण्यात तथ्य आहे. जुना काचेचा पडदा खरोखरच अधिक वीज खातो, आणि हार्ड डिस्क खटखट वाजू लागली, तर तिच्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही. प्रत्येक जुना संगणक राखलाच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. परंतु टाकलेला संगणक नाहीसा होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्याच्या जुन्या पडद्याच्या काचेत शिसे असते. त्याच्या तारा जाळल्या, तर विषारी धूर निघतो. म्हणूनच भारतात ई-कचऱ्याविषयीचे नियम २०११ साली करण्यात आले आणि २०१२ पासून ते अमलात आले. जो संगणक खरोखर निकामी झाला आहे, तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा.

शिवाय ह्या खटाटोपातून जे शिकावयास मिळते, ते नव्या यंत्राची खरेदी करून मिळत नाही. कोल्हापूरच्याच इतिहासात पाहा. आनंदराव आणि बाबूराव पेंटर ह्यांनी चित्रपट दाखविण्याचे एक जुने यंत्र मिळविले, त्याची रचना समजावून घेतली आणि तसा कॅमेरा स्वतः घडविण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव निवर्तले. तरी बाबूरावांनी विष्णुपंत दामले ह्यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार केला. पुढे १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट लोकांपुढे आला. दुसऱ्याने वापरलेल्या जुन्या यंत्रापासून ह्या नगरीतील चित्रपटव्यवसायाचा उगम झाला, तो त्या यंत्राच्या अंतरंगात डोकावण्याची जिज्ञासा होती म्हणून.

तेव्हा मुलांनो, घरातील जुन्या संगणकाचा निकाल लावण्याची वेळ आली, म्हणजे तीन प्रश्न विचारा. त्याच्या पोटात असे काही आहे काय, की जे दुसरीकडे कोठेही नाही? त्याच्या शक्तीस झेपेल असे काही काम आपल्या घरी आहे काय? आणि तो खरोखर बिघडला आहे, की आपणच त्यास समजून घेण्याचा कंटाळा केला आहे? नवी आवृत्ती निघाली, म्हणून यंत्र निकामी होत नाही. त्याच्याजोगे काम उरत नाही किंवा त्यास ओळखणारे माणूस उरत नाही, तेव्हा ते निकामी होते. ह्यांपैकी दुसरी गोष्ट टाळणे तर सर्वस्वी आपल्या हाती आहे.